न दुखणारं अवधाण

"काका, तो विळा आधी खाली ठेवा. खाली ठेवा म्हणते ना!"

पुतणी फाटकापासूनच ओरडत आली. पाठीला कॉलेजची सॅक, पायांत बूट, आणि आवाज असा की शेजारच्या बागेत द्राक्षाच्या घडांना पेपर गुंडाळणाऱ्या बाया हात थांबवून मांडवाखालून वाकून बघायला लागल्या. मी तर म्हणेन, तो आवाज विंचूरच्या कांदा मार्केटात ऐकू गेला आणि तिथला लिलाव दोन मिनिटं थांबला. पण मी काय काय म्हणतो, त्याबद्दल पुढं येईलच.

अंगणात पाटावर माझा मोठा भाऊ बसला होता. उघडाबंब, पूर्वेकडं तोंड, उजवा हात डोक्यावर. माझ्या एका हातात राखेची वाटी, दुसऱ्या हातात विळा. विळ्याची पाठ गाठीपासून जखमेपर्यंत सात वेळा ओढायची असते, आणि सात पुऱ्या होईपर्यंत ओढणाऱ्यानं बोलायचं नसतं. मी पाचव्या वेळेला होतो. म्हणून नुसत्या भुवया उडवून तिला गप्प बस म्हणालो. तिनं सरळ माझं मनगट धरलं.

मानेत गाठ आहे, मग जखम कुठं आहे, असं तिनं विचारलं. कानामागं न्हाव्याचा वस्तरा लागलाय, असं माझ्या वतीनं दादानंच सांगितलं. तिनं वाकून पाहिलं. मुंगी चालून गेल्यावर उमटेल एवढीही रेघ तिथं नव्हती, हे मी आज लिहितो. त्या वेळी मला ती रेघ चांगली दिसत होती. मग तिनं तीन बोटांनी मानेतली गाठ चाचपली. मग काखेतली, जी छाटणीपासून होती.

"पप्पा, दुखतं का?"

"नाय."

"दाबल्यावर?"

"आजिबात नाय," दादा म्हणाला आणि अभिमानानं माझ्याकडं बघितलं. "तुझ्या काकाचा हात हाय तो."

ती तिथंच पायरीवर बसली. नाशिकला मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला होती ती. गाठ दुखत नाही हे ऐकून कुणाचा चेहरा असा उतरलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. आमच्याकडं गाठ दुखायची थांबली की लोक नारळ घेऊन येत.

अवधाण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पायात काटा मोडला, जखम चिघळली, की जांघेत गाठ येते. हाताला लागलं तर काखेत. गाठ ठणकते, अंग तापतं, माणूस चार दिवस कामातून जातो. याला अवधाण आलं म्हणतात, आणि ते उतरवणारं एखादं घर आमच्या भागात दर दोन-चार गावांत असतं. आमच्याकडं ते घर आमचं. वडील गेले तेव्हा वाटणी अशी झाली की दादाकडं द्राक्षबागेची अक्कल आली आणि माझ्याकडं विळा आणि तोंड.

तोंडाचा उपयोग मी विळ्यापेक्षा जास्त केला. मनमाडचा एक रेल्वेतला गँगमन कुबड्यांवर आला होता. जांघेत नारळाएवढं अवधाण. सात वेळा विळा ओढला, आणि तो जो उठून चालायला लागला तो थेट मनमाडपर्यंत चालत गेला, कुबड्या इथंच विसरला, आणि त्या कुबड्यांवर आम्ही दोन वर्षं भोपळ्याचा वेल चढवला, ही गोष्ट मी किमान पाचशे लोकांना सांगितली असेल. खरं म्हणजे कुबडी एकच होती. काठीच होती म्हणा. आणि तो एसटीनं गेला. पण गाठ उतरली होती हे खरं, आणि माझ्या गोष्टींमध्ये एवढं खरं असलं की मला पुरायचं.

आता दादाची गोष्ट. हिच्यात मी काही वाढवणार नाही, असं म्हणायचा माझा विचार आहे.

ऑक्टोबर छाटणीत दादाच्या अंगठ्यात कात्री घुसली. खरीखुरी जखम, रक्त, पट्टी, सगळं. आठ-दहा दिवसांनी काखेत गाठ आली. अवधाण, दुसरं काय. मी रविवारी सकाळी विळा ओढला. अंगठा भरून आला, गाठ मात्र तशीच राहिली. पण तोवर छाटलेल्या काड्यांचे डोळे लवकर फुटावेत म्हणून त्यांवर पेस्ट लावायचं काम चालू झालं, त्या औषधानं त्याच्या बोटांची सालं निघाली. म्हणजे जखम होतीच. मग तारा ताणताना तळहात कापला. मग घडांची विरळणी आली, चिमुकल्या कात्रीनं दिवसभर मणी कापायचे, त्यात कुणाची बोटं शाबूत राहतात? हातावर एकही जखम नसलेला द्राक्षवाला मला कुणी दाखवावा. दर रविवारी मी दादाचा हात हातात घ्यायचो, ताजी जखम शोधायचो, आणि दर रविवारी ती सापडायची. गाठीला कारण मिळत गेलं आणि आम्ही निवांत राहिलो. दुसरा एखादा माणूस, म्हणजे बँकेतला, शाळेतला, पंधरा दिवसांत डॉक्टरकडं गेला असता. त्याच्या हाताला काहीच लागलेलं नसतं.

दादा वाळत चालला होता. वहिनी म्हणायची, कामाचा घाम वेगळा आणि हा घाम वेगळा. रोज सकाळी गादी उन्हात टाकावी लागते, थंडीच्या दिवसांत. मी सांगितलं, विष बाहेर पडतंय. वहिनीनं माझ्याकडं बघितलं आणि गादी उलटी केली.

आणि मग ती दुसरी गाठ, मानेत. हातावरच्या जखमेचं अवधाण मानेत येत नाही, एवढं तर माझ्या वडिलांनीही मला शिकवलं होतं. म्हणून मी न्हाव्याला धरला.

तर पुतणी पायरीवरून उठली आणि उद्याच नाशिकला जायचं म्हणाली. दादा म्हणाला, मण्यांत पाणी उतरायला लागलंय, महिन्याभरात माल काढायला येईल, तो एकदा निघाला की जाऊ. ती रडायला लागली, वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली, आणि दादानं हात डोक्यावर तसाच ठेवून मला विचारलं,

"तू सांग. अवधाणच हाय ना?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. ते कायमच तयार असतं. पण मुलगी माझ्याकडं बघत होती, आणि विळा माझ्या हातातून तिनं कधी काढून घेतला होता तेही मला कळलं नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

दादानं हात खाली घेतला. पन्नास वर्षांत त्यानं माझ्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. तो उठला आणि सदरा घातला.

दुसऱ्या दिवशी पिकअपमध्ये मी आणि दादा पुढं, वहिनी आणि पुतणी मागच्या सीटवर. चांदोरीला दादा म्हणाला, यांच्या बागेत भुरीचा रोग आलेला दिसतो. तेवढंच.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दादाला टेबलावर झोपवलं, मान, काखा, जांघा बोटांनी तपासल्या. मग डाव्या बरगडीखाली हात ठेवून मोठा श्वास घ्या म्हणाल्या, आणि पानथरी, म्हणजे प्लीहा, दोन बोटं वाढली आहे असं शेजारच्या नर्सला सांगितलं. मग खुर्चीत बसून कागद पुढं ओढला आणि विचारलं, गाठ कधीपासून आहे.

"पंधरा दिवस," दादा म्हणाला.

आमच्याकडं डॉक्टरला दिवस कमीच सांगतात. रागावतात म्हणून. पण दादानं ते स्वतःसाठी सांगितलं नव्हतं. त्यानं सांगताना माझ्याकडं बघायचं टाळलं, आणि वहिनीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड फिरवलं. त्यांना दोघांना वाटत होतं, घरातली गोष्ट आहे, घरात राहावी. पुतणीनं तोंड उघडलं. तिच्या आधी मी बोललो.

"चार महिने. छाटणीपासून."

बाईंनी मान वर केली. मध्ये काही उपचार केले का, असं विचारलं. खोलीतला पंखा एवढा मोठ्यानं फिरत होता की देवळाली कॅम्पातून तोफा ऐकू येतात तसं वाटलं. नाही, तसं नाही वाटलं. पंखा साधाच होता.

"मी केले," मी म्हणालो. "विळ्यानं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं लिहिलं. कागद माझ्याकडून उलटा होता, तरी मी वाचलं: चार महिने, घरगुती उपचार. माझ्या आणि माझ्या वडिलांच्या आणि त्यांच्या वडिलांच्या कसबाबद्दल सरकारी किंवा खाजगी कागदावर आजवर जे काही लिहिलं गेलं असेल ते एवढंच.

एक गोष्ट मात्र मी त्या दिवशी सांगितली नाही. विरळणी संपल्यावर एका रविवारी दादाच्या हाताला काहीच लागलेलं नव्हतं. मी बोट न् बोट तपासलं. तळहात, मनगट, कोपर. हात लहान बाळासारखा स्वच्छ. आणि काखेत गाठ, आधीपेक्षा मोठी. त्या क्षणी मला जे कळायला हवं होतं ते कळलं होतं, हे मी कबूल करतो. विळा हातावर टेकवता टेकवता मी त्याचं टोक करंगळीच्या नखाशी जरासं वळवलं. रक्ताचा एक थेंब आला. ही बघ, म्हणालो, इथं आहे जखम. दादा म्हणाला, हां.

दादानं बाईंना विचारलं, हे अवधाण नाही तर काय आहे. त्यांनी केसपेपर उलटा केला आणि त्यावर एका माणसाची आकृती काढली. चित्रकला यथातथाच. रक्ताच्या नळ्यांखेरीज शरीरात आणखी एक बारीक नळ्यांचं जाळं असतं, त्यातून लसिका नावाचं पातळ पाणी वाहतं, मांसातून झिरपतं आणि फिरून रक्तात जातं. वाटेत ठिकठिकाणी गाठी असतात, मानेत, काखेत, जांघेत, पोटात, निरोगी माणसाच्या अंगातसुद्धा शेकड्यांनी. लसिका ग्रंथी. त्यांनी टिंबं काढत काढत सगळा माणूस भरून टाकला. पानथरी हाही त्यातलाच एक मोठा अवयव, फक्त ती लसिका नाही, रक्त तपासते. गळ्यातले टॉन्सिलही त्याच घराण्यातले.

या गाठींमध्ये पांढऱ्या पेशी बसलेल्या असतात, लिम्फोसाइट म्हणतात त्यांना. सगळ्या हाडांच्या मगजात जन्मतात. काही तिथंच तयार होतात, काही छातीच्या हाडामागं थायमस नावाच्या एका ग्रंथीत शिकायला जातात. तिथली परीक्षा फार कडक. जी पेशी आपल्याच शरीरावर उठेल अशी वाटते ती तिथंच मारली जाते. बहुतेक सगळ्या नापास होतात, थोड्याच बाहेर पडतात. मला देवळाली कॅम्पाची भरती आठवली, आमच्या गावचे चाळीस जण गेले होते आणि तीन राहिले होते. आणि ती शाळा, बाई म्हणाल्या, माणूस मोठा होईल तशी सुकत जाते, तुमच्या वयाला तिची नुसती चरबी उरते.

प्रत्येक पेशी एकच शत्रू ओळखते. एकच. आयुष्यभर त्याची वाट बघत फिरते, बहुतेकींची गाठ पडतच नाही. पण हाताला जखम झाली, जंतू शिरला, लसिकेतून काखेत पोचला, की तिथं त्याला ओळखणारी पेशी बसलेली असली तर ती एकीच्या हजार होते, हजाराच्या लाख. जागा पुरत नाही. गाठ फुगते, ताणली जाते, ठणकते.

"तुमचं अवधाण ते हेच," बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या. "ते खोटं नसतं. जंतू मेले की पेशी कमी होतात, गाठ आठ-दहा दिवसांत आपोआप बसते."

आमचा विधी नऊ दिवसांचा असतो. रविवारी विळा, आणि नऊ दिवस हाताला विश्रांती, आंबट बंद. आपोआप या एका शब्दात माझ्या घराण्याची तीन पिढ्यांची कीर्ती बसली, आणि वर जागा उरली. पण त्या वेळी कीर्तीचं मला काही वाटलं नाही, कारण त्या पुढं बोलत होत्या.

कधी कधी, त्या म्हणाल्या, शत्रू आलेला नसताना एखादी लिम्फोसाइटच बिघडते. वाढायचं थांबत नाही. मग जखम नसते, ठणका नसतो, नुसती गाठ असते, रबरासारखी, आणि मग दुसरी. म्हणून न दुखणाऱ्या गाठीला आम्ही जास्त घाबरतो. तुमची तशी आहे असं मी आज म्हणत नाही. एक गाठ पूर्ण काढून तपासायला पाठवू.

वहिनी त्या दिवसातलं पहिलं वाक्य तेव्हा बोलली. गाठीला लोखंड लागलं की आजार पसरतो, असं तिच्या माहेरी म्हणतात, तर काढू नका. बाईंनी समजावलं की तसं होत नाही. वहिनीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लोखंड तर लावून झालंय. चार महिने. भाऊजींना विचारा." मग माझ्याशी ती पुढं दीड महिना बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, सगळं वेळच्या वेळी. बोलायची नाही.

मानेतली गाठ काढली त्या दिवशी नर्सनं बाहेर येऊन नातेवाईक कोण विचारलं आणि माझ्या हातात एक झाकणाची प्लास्टिकची बाटली दिली. लॅबमध्ये नेऊन द्या, कॅनडा कॉर्नरजवळ, आजच. बाटलीत पाण्यासारखं औषध आणि तळाशी गाठ. मी रिक्षात बसलो आणि ती मांडीवर दोन्ही हातांनी धरली. चार महिने मी जिच्याशी झुंजलो म्हणून गावभर सांगत होतो, ती ही नव्हे, हिची बहीण काखेत होती. तरी मी तिच्याकडं नीट बघितलं. लोकांना मी लिंबाएवढी सांगायचो, रंगात आलो की मोसंबीएवढी. आवळ्याएवढी होती. लहान आवळ्याएवढी. फिकट करडी, गुळगुळीत. रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, काय आहे. मी काहीही सांगू शकलो असतो. भावाची गाठ आहे, म्हणालो. त्यानं रस्त्यातले सगळे खड्डे वळसा घालून चुकवले.

रिपोर्ट पुतणीच्या मोबाइलवर आला. तिनं तो आधी स्वतः वाचला, मग मळ्यात जाऊन एकटीच बसली, मग येऊन सांगितलं. लिम्फोमा. बी नावाच्या लिम्फोसाइटचा कॅन्सर. बरा होण्यासारखा प्रकार आहे, दर एकवीस दिवसांनी एक, असे केमोचे सहा डोस. दादानं विचारलं, उशीर झालाय का. ती म्हणाली, डॉक्टर म्हणतात सुरू तर करू. हे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं हे आम्हाला चौघांनाही कळलं. माझ्याकडं कुणी बघितलं नाही. कुणीतरी बघायला हवं होतं.

पहिला डोस झाला आणि त्याच आठवड्यात माल काढायला सुरुवात झाली. डॉक्टरांनी बजावलं होतं: या औषधानं चांगल्या-वाईट सगळ्याच पांढऱ्या पेशी मरतात, काही दिवस अंगात पहारा नसल्यासारखं असतं, म्हणून गर्दी नको, कच्चं खाणं नको, साल न काढता खायची फळं तर नकोच. चाळीस वर्षं द्राक्ष पिकवलेला माणूस ओट्यावर मास्क लावून बसला होता आणि त्याच्यासमोरून क्रेटमागून क्रेट जात होते. एकदा त्यानं एक मणी उचलला, बोटांत फिरवला, दाबून गर बघितला, आणि पुढं ठेवून दिला. साखर आलीय, म्हणाला.

खरी आफत भेटायला येणाऱ्यांची. आमच्याकडं माणूस आजारी पडला की पाहुणे टेम्पो करून येतात. आले की हात हातात घेणार, जवळ बसणार, शिंकणार. नको म्हटलं तर पिढ्यांचं वैर. म्हणून दाराशी मला बसवलं. मी जन्मात जेवढ्या थापा मारल्या नव्हत्या तेवढ्या त्या तीन आठवड्यांत मारल्या. औषध इतकं कडक आहे, मी सांगितलं, की रुग्णाला शिवेल त्याचेही केस जातात. नर्सबाईंना विग आहे. डॉक्टरांच्या मिशा गेल्या, आणि डॉक्टर तर बाई आहेत. सिन्नरकडचे मामा दोन्ही हातांनी टोपी धरून अंगणातूनच रामराम करून गेले. दादाचे केस खरोखर गेले तेव्हा गावाची खात्री पटली आणि अंगण ओस पडलं. आतून दादाचं हसणं ऐकू आलं. मास्कमधून, खोकल्यासारखं. त्या दिवशी वहिनीनं माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली, साखर कमी पडली असेल तर सांगा.

त्याच दरम्यान पेठकडचा एक मजूर आला, बागेतल्याच टोळीतला. टाचेत बाभळीचा काटा मोडलेला, जखम पिकलेली, जांघेत टणक गाठ, अंग तापलेलं. पुस्तकात छापावं असं अवधाण. विळा ओढला असता तर नऊ दिवसांत बसलंच असतं, आपोआप. मी त्याला मोटारसायकलवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं, काटा काढून घेतला, इंजेक्शन द्यायला लावलं, गोळ्या घेतल्या. परत आल्यावर उतरताना त्यानं टोळीतल्या बाकीच्यांना सांगितलं की यांचा हात गेला. सख्ख्या भावावर चालवला म्हणून गेला. मी ते खोडून काढलं नाही. पण तो गेल्यावर मला नीट झोप लागेना, कारण त्यातलं अर्धं खरं होतं आणि ते अर्धं मला एकट्याला माहीत होतं.

चौथ्या डोसाला एप्रिल संपत आला होता. मधल्या स्कॅनमध्ये गाठी बारीक झाल्या होत्या, पानथरी जाग्यावर आली होती. बाई म्हणाल्या, चांगलं चाललंय, पण सहा पुरे होईपर्यंत मी काही बोलणार नाही, आणि त्यानंतरही दोन वर्षं जपून बोलेन. दुपारची वेळ. दादा आरामखुर्चीत, हाताला सुई, वर पिशवीतून केमोचं लाल औषध टपकत होतं. वहिनी आणि पुतणी खाली जेवायला गेल्या होत्या. शेजारच्या खुर्चीतल्या आजी झोपल्या होत्या. सुई लावलेला हात उशीवर पालथा होता, आणि करंगळी माझ्या बाजूला.

मी त्याला सगळं सांगितलं. हळू आवाजात, एका दमात. की विरळणीनंतरच्या रविवारी त्याच्या हाताला काही लागलेलं नव्हतं. की मला त्याच वेळी शंका आली होती. की माझं नाव जाऊ नये म्हणून विळ्याचं टोक मी मुद्दाम वळवलं, आणि जखम मी केली आणि त्यालाच दाखवली. की त्या दिवशी मी खरं बोललो असतो तर दीड-दोन महिने वाचले असते, आणि त्या दीड-दोन महिन्यांत काय काय वाढलं ते मी रोज मनात मोजतो. मी डॉक्टरांना चार महिने सांगितलं तेव्हा सगळ्यांना वाटलं मी मोठेपणा केला, पण हे मी राखून ठेवलं होतं. शिव्या दे, म्हणालो. वहिनीला सांग. काहीही कर.

दादानं पिशवीकडं बघितलं. औषध अजून अर्धं होतं. मग त्यानं मास्क जरा खाली ओढला.

"बोटाला विळा लागल्याव कळत नाय का," तो म्हणाला. "मला दवाखान्यात जायचंच नव्हतं."